वाटाड्याची सॅक

"आनि ह्यो?"

"ब्रश आहे, बाबा. दातांचा."

"दांडी कुठं गेली?"

"कापली. तेवढंच वजन कमी."

लहानूबाबांनी तो बुटका ब्रश डोळ्यांजवळ धरला, उलटासुलटा केला आणि जपून घोंगडीवर परत ठेवला. हसले मात्र नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं कौस्तुभला वाटून गेलं.

ओट्यावर सकाळचं ऊन आलं होतं. घोंगडीवर त्याची अख्खी सॅक उघडी पडली होती. छोटा तंबू, झोपायची पिशवी, दोर, टॉर्च, औषधांचा डबा, दोन सदरे, चिमुकलं भांडं. तीन रात्री डोंगरावर काढायला माणसाला जेवढं लागतं तेवढं, आणि त्याहून सुतळीचा तुकडाही जास्त नाही. पुण्याच्या घरी त्याने एकेक वस्तू काट्यावर तोलून पाहिली होती. सगळी मिळून सात किलोही भरत नव्हती.

गेली नऊ वर्षं तो लहानूबाबांच्या मागून घोडमाळावर चढत आला होता. दरवर्षी दिवाळी सरली की बाबा दहाबारा शहरी माणसं घेऊन वर जात, तीन रात्री त्यांना पठारावर तंबूत ठेवत आणि धडधाकट खाली आणून सोडत. चाळीस वर्षं हे चाललं होतं. यंदा मात्र बाबांचा गुडघा पार बसला. ओट्यावरून अंगणात उतरायलाही काठी लागायची. तेव्हा माणसं कुणाच्या तरी हाती द्यायची, नाहीतर पायथ्याच्या करंजवाडीतूनच परत पाठवायची, असा प्रश्न होता.

अकरा माणसं शाळेच्या पडवीत पोहे खात बसली होती. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

कौस्तुभला ती माणसं हवी होती. का हवी होती, हे त्याने स्वतःला नाना परींनी समजावलं होतं. डोंगराचं प्रेम, बाबांची सेवा, वगैरे. खरं सांगायचं तर 'लहानूबाबांनंतर कोण?' असं कुणी विचारलं की उत्तरात त्याला आपलं नाव ऐकायचं होतं.

"कशी आहे सॅक?" त्याने न राहवून विचारलं.

"चांगली हाये."

"मग?"

"लई चांगली हाये..." बाबा दोराच्या वेटोळ्यावरून बोट फिरवत राहिले. "हलकी हाये."

"हलकीच हवी ना! तुम्हीच शिकवलंत. पहिल्या वर्षी तुम्ही माझ्या सॅकमधून घडीची खुर्ची काढून ठेवली होतीत. वर उशी. वर लोणच्याची बरणी."

"तवा तू मागं चालत व्हतास."

"पुढे चालणाऱ्याला काय वेगळं लागतं?"

बाबांनी तंबाखू मळायला घेतली. बाबांची तंबाखू मळून होईपर्यंत कुणी काही विचारायचं नाही, हे नऊ वर्षांत कौस्तुभला कळलं होतं. पण आज त्याला धीर निघेना.

तो उठला. आतून आणखी एक दोर आणला. पाण्याच्या चार बाटल्या भरल्या. कुणाचं जेवण कमी पडलं तर, म्हणून दोन माणसांचा शिधा बांधला. सगळं सॅकमध्ये कोंबलं, पट्टे आवळले आणि सॅक बाबांसमोर उभी केली.

बाबांनी एका हाताने ती उचलून पाहिली.

"हां. आता जरा वजन आलं."

कौस्तुभचा चेहरा खुलला.

"पन अजून तुझीच हाये," बाबा म्हणाले आणि सॅक खाली ठेवली.

"माझीच म्हणजे? वाटाड्याची सॅक वाटाड्याचीच असणार ना?"

"मागल्या वर्षी त्या बाईचं काय झालं व्हतं रं?"

कौस्तुभने मान खाली घातली. हे कधीतरी निघणार, हे त्याला माहीत होतं.

मागल्या वर्षी बाबा तापाने पडले होते आणि पहिल्यांदाच कौस्तुभ एकटा माणसं घेऊन गेला होता. त्यांत संगमनेरच्या शालिनीताई होत्या. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. निवृत्तीनंतर एकदा डोंगरावर राहून पाहायचं म्हणून आलेली. कमी बोलणारी. दुसऱ्या टप्प्यावर त्या म्हणाल्या, "व्हा तुम्ही पुढे, मी फोटो काढते नि आलेच." कौस्तुभ पुढे झाला. वर पठारावर पोचून चहाचे पेले मांडले, तेव्हा एक पेला उरला.

दोन तासांनी त्या सापडल्या. करवंदीच्या जाळीखाली सॅक पाठीला लावून बसल्या होत्या. बुटाने टाच सोलवटून निघाली होती आणि मोजा रक्ताने भिजला होता. गावच्या माणसांनी घोंगडीची झोळी करून त्यांना खाली आणलं. त्या कुणाला एक वावगा शब्द बोलल्या नाहीत. उलट झोळी धरणाऱ्यांचीच माफी मागत राहिल्या.

"त्यांनी सांगितलंच नाही, बाबा!" कौस्तुभचा आवाज चढला. वर्षभर तो हेच वाक्य मनाशी घोकत आला होता. "एकदा तोंड उघडलं असतं तर मी त्यांची सॅक घेतली असती. माझी हलकीच होती. निम्मी रिकामी होती. सगळ्यांना दिसत होतं."

"सगळ्यांना दिसत व्हतं?"

"हो."

"मग कुनी दिलं का काही?"

"परागने दिलं ना. कॅमेरा, बाटल्या, जाकीट. पहिल्याच चढाला. त्याच्या मित्रानेही दिलं."

"त्यांना झेपत नव्हतं?"

"झेपत होतं, पण... जागा दिसली म्हणून दिलं."

"आनि बाईनं?"

अंगणात कोंबडी पिलांना घेऊन उकिरडा उकरत होती. कौस्तुभ तिच्याकडे पाहत राहिला.

"ती आलीये यंदा बी," बाबा म्हणाले.

"माहितीये. म्हणतात, अर्धाच डोंगर पाहिलाय, उरलेला पाहायचाय."

बाबांनी तंबाखूची चिमूट ओठाखाली सरकवली आणि काठीने ओढ्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं.

"सॅक मोकळी कर. दगड घेऊन ये."

"दगड?"

"वढ्यातलं. गोल बघून आन."

"किती?"

"तुला जड व्हतील येवढं."

कौस्तुभच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नऊ वर्षं! नऊ वर्षं या म्हाताऱ्याच्या मागून चाललो, याच्या खोकल्याचे आवाज पाठ झाले, याच्या गुडघ्यासाठी पुण्याच्या डॉक्टरांचे उंबरठे झिजवले, आणि हा मला दगड उचलायला लावतोय. शिक्षा द्यायची तर सरळ द्यावी. क्षणभर वाटलं, सॅक उचलावी आणि तडक एसटी गाठावी.

पण अकरा माणसं पोहे खात होती. त्यांत शालिनीताईही होत्या.

तो ओढ्यावर गेला. पाणी आटत आलं होतं. चांगले वाटोळे, गुळगुळीत गोटे पात्रात पडले होते. सुरुवातीला त्याने रागारागाने मोठे उचलले, मग ते सॅकमध्ये मावेनात म्हणून नारळाएवढे निवडले. दहाबारा किलो तरी झाले असतील. ते पाठीवर घेऊन ओट्यापर्यंत येताना त्याला दरदरून घाम फुटला.

"आता तुझं सामान त्यावर ठेव," बाबा म्हणाले. "आधी व्हतं तेवढंच. मागून भरलेलं नको."

त्याचं सात किलोचं सामान दगडांवर आरामात बसलं. बाबांनी स्वतः सॅकचं तोंड बांधलं. गाठ पक्की बसली.

"हे वर न्यायचे?"

"वर न्यायला सांगितलं का मी? घेऊन चाल."

"मग टाकायचे कुठे?"

"कुनाला सांगू नको," एवढंच बाबा म्हणाले. मग पडवीकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, "चला रं, आटपा! ऊन चढायच्या आत पयली खिंड गाठा! ह्यो नेतोय तुम्हाला."

ह्यो नेतोय. ज्या शब्दांसाठी कौस्तुभ नऊ वर्षं झुरला ते असे, पाठीवर ओढ्याचे दगड असताना कानी पडले. आनंद करावा की कपाळ बडवावं, हे त्याला समजेना.

वाट गावाबाहेर पडली आणि चढ लागला. मागल्या वर्षी याच चढावर कौस्तुभ हरणासारखा पुढे निघून गेला होता आणि वरच्या वळणावर उभा राहून मागच्यांना "चला, चला" करत होता. आज पट्टे खांद्यांत रुतत होते. एक पाऊल, मग दुसरं.

"काय सर," मागून परागचा आवाज आला. पराग बँकेत होता आणि गप्प बसण्याचं त्याला वावडं होतं. "यंदा गाडी पहिल्या गिअरवर दिसतेय!"

सगळे हसले.

"आणि सॅक केवढी फुगलीये तुमची! आम्हाला वाटलं होतं, गेल्या वर्षीसारखी रिकामी असेल. माझी तुम्हालाच देणार होतो."

"यंदा जागा नाही रे," कौस्तुभ म्हणाला.

"मग राहिलं," पराग म्हणाला आणि स्वतःची सॅक घेऊन टणाटणा उड्या मारत चढू लागला.

कौस्तुभ त्याच्याकडे पाहतच राहिला.

तो हळू चालत होता, म्हणून सगळेच हळू चालत होते. कुणी मागे पडत नव्हतं. आणि मागे कुणी पडत नसल्यामुळे त्याला पहिल्यांदाच मागच्यांचे श्वास ऐकू येत होते. हा जोडीने आलेल्या ओमकारचा, लांब आणि खोल. हा त्याच्या बायकोचा. हा एक मध्येच अडकणारा, दाबून घेतलेला... तो कुणाचा?

त्याने वळून पाहिलं. शालिनीताई. चेहऱ्यावर काही नव्हतं. नजर समोर. पण उजव्या हाताचा अंगठा खांद्याच्या पट्ट्याखाली गेला होता आणि पट्टा वर उचलून धरत होता. कौस्तुभचाही अंगठा त्याच क्षणी स्वतःच्या पट्ट्याखाली तसाच होता. तसा तो नसता, तर त्यांचा त्याला दिसलाच नसता.

पहिल्या खिंडीत सगळे टेकले. वाऱ्याने घाम सुकू लागला. कौस्तुभने सॅक उतरवली आणि नेहमीच्या जागी बसला. तिथे कड्याला लागून दगडांचा एक ढीग होता. नऊ वर्षं त्याला पाठ टेकून त्याने भाकरी खाल्ली होती. आज सहज त्याचा हात त्या ढिगावर पडला आणि तिथेच थांबला.

दगड गोल होते. गुळगुळीत होते.

आजूबाजूचा सगळा डोंगर धारदार काळ्या फत्तराचा. ओढा तर हजार फूट खाली राहिला होता. आणि हे ओढ्याचे गोटे, इथे, खिंडीत. एकावर एक. शेकड्यांनी. तळातले शेवाळलेले, मातीत रुतलेले.

लहानूबाबांची ती जुनी खाकी सॅक त्याला आठवली. गावातून निघताना कायम फुगलेली. त्या सॅककडे बघून आजवर कुणी बाबांच्या हाती साधी बाटलीसुद्धा दिली नव्हती. आणि तरी दरवर्षी दुपारपर्यंत कुणाचा तरी तंबू, कुणाची तरी पिशवी बाबांच्या पाठीवर असायची. कधी गेली, कशी गेली, कुणाला सांगता यायचं नाही.

सकाळी मनातल्या मनात दिलेल्या शिव्या कौस्तुभला एकेक करून आठवल्या आणि लाज वाटली.

त्याने सगळ्यांकडे पाठ केली, सॅक उघडली आणि तळातून पाच गोटे काढून ढिगावर ठेवले. मग तो शालिनीताईंजवळ गेला.

"ताई, माझी सॅक जरा मोकळी झालीये. तुमचा तंबू इकडे येऊ द्या."

"छे छे. तुमचीच केवढी जड आहे."

"होती मघाशी."

त्या नको नको म्हणेपर्यंत त्याने तंबू सोडवून घेतला. शालिनीताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या ढिगाकडे. वरचे पाच गोटे धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि ढीग धुळीने माखलेला होता. तीस वर्षं रोग्यांचे चेहरे वाचलेली बाई ती. तिला एवढं पुरलं.

दुसऱ्या टप्प्याचा चढ लागला. हाच तो, गेल्या वर्षीचा. करवंदीची जाळी आली. कौस्तुभने मागे पाहिलं नाही, फक्त कान देऊन चालत राहिला. श्वास मागे होता... होता... आणि थांबला.

"कौस्तुभ."

तो वळला. शालिनीताई वाटेत उभ्या होत्या. त्यांनी पट्टे सोडले होते आणि सॅक दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली होती. चेहरा लाल झाला होता. चढाने नाही, लाजेने.

"हीपण घे," त्या म्हणाल्या. एवढं बोलायला त्यांना चढाइतकेच कष्ट पडले असावेत. "आणि टाच हुळहुळायला लागलीये. पट्टी लावते. दोन मिनिटं थांबाल का सगळे?"

"दोन काय, वीस थांबू!" पराग ओरडला आणि आधी स्वतःच फतकल मारून बसला.

कौस्तुभने उरलेले दगड जाळीच्या बुडाशी उतरवले आणि त्यांची सॅक आपल्या सॅकवर बांधली. वजन सकाळइतकंच होतं. तरी तो चढ कधी संपला, ते त्याला कळलं नाही.

वर पठारावर बारा पेले मांडले. बारा भरले. शालिनीताईंनी आपला चहा कड्याच्या टोकाला बसून, दोन्ही हातांत पेला धरून घोटघोट घेतला. कौस्तुभ चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसत होता.

चौथ्या दिवशी दुपारी माणसं खाली करंजवाडीत उतरली. बाकीचे शाळेच्या पडवीत पाय पसरून बसले. कौस्तुभ सॅक पाठीवर तशीच ठेवून आधी बाबांच्या ओट्याशी गेला.

"सगळी आली?" बाबांनी विचारलं.

"सगळी. अकराच्या अकरा."

"बाई?"

"सगळ्यात आधी सूर्योदयाला त्याच उठायच्या. बाबा... मला कळलं. दगडांचं. एकही उरला नाही."

"हं."

बाबांनी त्याला आपादमस्तक पाहिलं. खाली पाहताना नजर घोट्यावर थांबली.

"पाय कवा मुरगळला?"

कौस्तुभ चपापला. अंगण तर त्याने अगदी सरळ चालत ओलांडलं होतं. निदान त्याची तशी समजूत होती.

"काल. टाक्यावर पाणी आणायला उतरताना. विशेष नाही."

"सुजलाय."

"थोडा."

"कुनाला सांगितलं?"

"नाही. उगाच सगळ्यांना कशाला घोर? एवढी मजेत होती माणसं."

"सॅक कुनी आनली मग?"

"मीच!" कौस्तुभची मान आपोआप ताठ झाली. "शालिनीताईंनी दोनदा मागितली. त्यांना काहीतरी संशय आला होता. पण मी हात लावू दिला नाही."

लहानूबाबा काठी रोवून, भिंत धरून, कण्हत कण्हत उभे राहिले. मग काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात पुढे केले.

"आन इकडं."

"अहो बाबा, नको! तुमचा गुडघा... मी ठेवतो ना माझी मी."

हात तसेच पुढे राहिले. सुरकुतलेले.

"खरंच नको. काही जड नाहीये."

कौस्तुभचे अंगठे पट्ट्यांखाली होते. ते तिथून निघत नव्हते. आपल्याला हसू येतंय की रडू, हे त्याला कळत नव्हतं, पण सॅक काही पाठीवरून उतरेना.

बाबांनी हात मागे घेतले. काठी उचलली आणि हळूहळू खाली टेकले.

"बाबा," कौस्तुभने अखेर विचारलं, "पुढच्या वर्षी माणसं कोण नेणार?"

बाबांनी शाळेच्या पडवीकडे पाहिलं. तिथे शालिनीताई खांबाला टेकून बसल्या होत्या आणि पराग गुडघे टेकून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडत होता. त्या त्याला सोडू देत होत्या.

"ती बाई नेईल," लहानूबाबा म्हणाले. "तू मागनं चाल."